लव्हाळा, हराळी आणि पुठ्ठ्याचं आच्छादन: जूनच्या आधी घालावं की पाऊस ओसरल्यावर?

परसदार_मावळ

तळेगावच्या बाहेर घरामागचा 20 × 15 फुटांचा तुकडा भाजीसाठी तयार करायचा आहे. दोन वर्षं पडीक आहे. माती काळी, चिकट. जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाणी तुंबतं. तणांमध्ये लव्हाळा सगळीकडे, कुंपणाखालून हराळी आत सरकते, एका कोपऱ्यात गाजरगवत कमरेएवढं. पावसात केना, घोळ, तांदुळजा उगवतात ते वेगळंच. तणनाशक मारायचं नाही.

जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर शेणखत आणि पेंढा घालायचा, ही पद्धत करायची ठरवली आहे. पुठ्ठा मिळतो, भाताचा पेंढा गावातून मिळेल. आता मेचा दुसरा आठवडा आहे. प्रश्न असे:

पाऊस सुरू व्हायच्या आधी अंथरून टाकलं तर चालेल का? पुठ्ठ्याखाली लव्हाळा मरतो का? 300 चौरस फुटांना पुठ्ठा, खत, पेंढा किती लागेल? वांगी, मिरची, टोमॅटो लावायचे आहेत, मेथी-कोथिंबीरही हवी.

---

गादीवाफा

तुमच्या यादीतली सगळी तणं पुठ्ठ्याला सारखी दाद देत नाहीत. तिथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर ऑक्टोबरमध्ये पेंढ्यातून लव्हाळ्याची हिरवी टोकं वर आलेली दिसतील आणि पद्धतच खोटी वाटेल.

तांदुळजा, घोळ, गाजरगवत ही बियांवर जगणारी तणं. उजेड तुटला की त्यांची उगवलेली रोपं पुठ्ठ्याखाली आठ-दहा आठवड्यांत संपतात. अट एकच, वरून नवं बी पडता कामा नये. पुण्यात 1955 साली पहिल्यांदा नजरेस आलेलं गाजरगवत आज देशभर आहे, कारण एक झाड हजारो बिया टाकतं. तुमच्या कोपऱ्यातलं फुलावर आलं असेल तर कापून आच्छादनात अजिबात घालू नका. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून मुळासकट उपटा आणि बागेबाहेर न्या. अंगाला लागलं की अनेकांना खाज आणि पुरळ येतं.

केना फसवा आहे. त्याचे तुकडे ओल्या पेंढ्यावर पडले तर पेरापेराला मुळं फुटतात, शिवाय जमिनीखालीही त्याला फुलं येऊन बी धरतं. उपटलेला केना आणि घोळ काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात सडवा, मगच खड्ड्यात टाका.

आता लव्हाळा. हा पुठ्ठ्याने मरत नाही. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, प्लास्टिक मल्चिंगचा 25-30 मायक्रॉनचा कागद तो सहज भोसकतो. भिजून मऊ झालेला पुठ्ठा तर काहीच नाही. जमिनीखाली त्याचे गड्डे माळेसारखे एकमेकांना जोडलेले असतात. माळेच्या टोकाचा गड्डा फुटलेला असला की मागचे झोपून राहतात. आपण वरून उपटतो तेव्हा माळ तुटते आणि मागचा प्रत्येक गड्डा स्वतंत्रपणे फुटतो. म्हणून एक उपटला की चार आले असं वाटतं, आणि ते खरंही असतं.

त्याची दोन मर्मं आहेत: त्याला सावली सोसत नाही, आणि उघड्यावर कडक उन्हात गड्डा वाळून मरतो. तुमच्या हातात मे महिना आहे, तो वाया घालवू नका. पुठ्ठ्याची पद्धत न खणता करायची असते हे मान्य, पण लव्हाळा असलेल्या जमिनीत एकदा, आणि तेही मेमध्येच, खणणं योग्य. माझा क्रम असा राहील:

आत्ता लगेच कुदळीने 20-25 सेंमी खोल ढेकळं काढून उलटी पाडा. पाणी अजिबात देऊ नका. आठ-दहा दिवसांनी ढेकळं फोडून पुन्हा उलटा, दिसतील ते गड्डे वेचा. वळवाचा पाऊस झाला तर वाळवण पहिल्यापासून मोजा. सगळे गड्डे मरणार नाहीत, पण वरच्या थरातले बरेच जातील.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वाफे आखा. तुमच्या मापात 4 फूट रुंद आणि 20 फूट लांब असे तीन वाफे आणि मध्ये दीड फुटाचे दोन रस्ते नेमके बसतात. रस्त्यांची 15 सेंमी माती वाफ्यांवर ओढा. वाफा साधारण 4 सेंमी चढेल आणि रस्ता 15 सेंमी उतरेल, म्हणजे फरक 19 सेंमीचा झाला. पाणी तुंबणाऱ्या काळ्या मातीत याशिवाय काहीही करू नका. रस्त्याचं एक टोक उताराच्या बाजूला उघडं ठेवा.

पाऊस लागला की लव्हाळा एकदम उगवेल. उगवू द्या. पानं वर आल्यावर साधारण तीन आठवड्यांत त्याला नवे गड्डे धरायला लागतात, त्याच्या आत, बारा-पंधरा दिवसांनी, खुरप्याने जमिनीलगत कापा. उपटू नका, कापा. जुलै उजाडेपर्यंत असं दोनदा होईल. प्रत्येक वेळी जुन्या गड्ड्यातला साठा खर्च होतो आणि नवा तयार होत नाही.

मग 5-7 जुलैच्या सुमारास सगळ्या तुकड्यावर पाव किलो ताग फोकून पेरा. शेतातल्या हिरवळीच्या खतापेक्षा हे दाट आहे, मुद्दामच. ताग महिनाभरात इतका दाटतो की खाली लव्हाळ्याला ऊन मिळत नाही. ऑगस्टच्या शेवटी, कळ्या धरायच्या बेतात असताना, जमिनीलगत कापून तिथेच आडवा करा आणि त्यावर दुसऱ्याच दिवशी पुठ्ठा. उशीर केला तर तागाचा दांडा लाकडासारखा होतो, पुठ्ठा त्यावर नीट टेकत नाही आणि पोकळीतून तण वाट काढतं.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: या जमिनीत पावसाच्या आधी नको. दोन कारणं. मेमध्ये कोरड्या मातीवर पुठ्ठा घातला की पहिल्या सरी वरूनच वाहून जातात, खाली कोरडं राहतं. आणि जुलैत उलट होतं, आधीच पाणी धरणारी काळी माती वरून झाकली की ती श्वासच घेत नाही, मुळं कुजतात. ऑगस्टअखेरीस माती पोटभर ओली असते आणि मोठ्या पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो.

---

काळी_भुई

वरच्या क्रमाशी सहमत. अंथरायचं कसं आणि किती, ते सांगतो.

पुठ्ठा: तपकिरी, पन्हाळीचा, छपाई कमी असलेला. गुळगुळीत, चकचकीत, मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर असलेला घेऊ नका, तो पाणी आत सोडत नाही आणि कुजतही नाही. चिकटपट्टी, कुरिअरची लेबलं, तारेच्या पिना सगळं काढा. यात आळस केला तर दोन वर्षांनी मातीतून पट्टीच्या चिंध्या निघत राहतात आणि पिना बोटात घुसतात. पुठ्ठा पाण्यात अर्धा तास बुडवला की पट्टी सहज सुटते.

300 चौरस फुटांसाठी 400 चौरस फूट पुठ्ठा लागेल, कारण प्रत्येक जोडावर 15-20 सेंमी एकमेकांवर चढवायचा आहे. मोठ्या फ्रिजचं एक खोकं उलगडलं की 40-45 चौरस फूट निघतं, म्हणजे नऊ-दहा खोकी. लहान खोकी टाळा, जितके जोड तितक्या फटी. खोक्याच्या झाकणांच्या मधली चीर हमखास उघडी राहते, तिच्यावर वेगळा तुकडा ठेवा. वर्तमानपत्र वापरायचं तर आठ-दहा पानांचा थर, ओला करून. पण लव्हाळ्याच्या जमिनीत ते फार लवकर विरघळतं.

खताबद्दल मात्र माझं ठाम मत आहे: ते पुठ्ठ्याच्या वर नको, खाली घाला. पुठ्ठ्यावर शेणखत आणि त्यावर पेंढा असा क्रम बहुतेक ठिकाणी सांगतात. पण आपल्याकडचं शेणखत उकिरड्यावरचं, अर्धं कच्चं, त्यात गवताचं आणि तांदुळजाचं बी भरपूर. ते वर घातलं की तुम्ही पुठ्ठ्यावर तणाचा वाफाच तयार करता. खाली घातलं तर तेच बी अंधारात उगवलं तरी मरतं आणि गांडुळंही खालून वर येतात. वाफ्यांच्या 240 चौरस फुटांवर अडीच सेंमीचा थर धरला तर साधारण 560 लिटर खत, म्हणजे 15 लिटरची 37-38 घमेली. रस्त्यांवर खत नको, नुसता पुठ्ठा आणि पेंढा. खतासोबत वाफ्यांवर एकूण 4 किलो निंबोळी पेंड भुरभुरा. तिचा नत्रासाठीही उपयोग आहे, कारण पुठ्ठा आणि पेंढा कुजवणारे जिवाणू-बुरशा सुरुवातीला आसपासचा नत्र ओढून घेतात.

ठिबक असेल तर 16 मिमीची, 30 सेंमीवर ड्रिपर असलेली नळी खतावर, पुठ्ठ्याच्या खाली. वाफ्याला दोन नळ्या. पुठ्ठ्याच्या वर ठेवली तर पाणी पुठ्ठ्यावरून घरंगळून रस्त्यात जातं.

पुठ्ठा टाकला की झारीने चिंब करा, इतका की तो जमिनीच्या उंचसखलपणाला चिकटून बसला पाहिजे. हात फिरवून बघा. जिथे पोकळ वाजतं तिथे पायाने हलकं दाबा. लगेच वर पेंढा, एकाच दमात. उघडा राहिलेला पुठ्ठा दुपारपर्यंत वाळून कडा वर उचलतो.

पेंढा मोकळा 20 सेंमी जाडीचा घाला, तो बसून 10 सेंमी होतो. साधारण 150 किलो लागेल. अंथरण्यापूर्वी झोडून घ्या, नाहीतर राहिलेल्या लोंब्यांतून भात उगवतो.

हराळीसाठी कुंपणाच्या कडेने वेगळं काम आहे. ती पुठ्ठ्याला सहसा भोसकत नाही, कडेवरून आणि कडेखालून सरकते. कुंपणालगत 20 सेंमी खोल, कुदळीच्या पात्याएवढी चर काढा आणि ती मोकळी ठेवा. आठवड्यातून एकदा चरीत उतरलेले धुमारे कापायचे. चर बुजवायची असेल तर त्यात जुन्या पत्र्याचे तुकडे उभे गाडा, जमिनीवर दोन बोटं राहतील असे. आतल्या हराळीच्या कांड्या मेमध्ये खणताना निघतील, त्या वाफ्यात सोडू नका. बोटभर कांडीलाही मुळं फुटतात.

---

परसदार_मावळ

फार उपयोगी. दोन शंका. पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण नाही का? घराची भिंत तुकड्यापासून 4 फुटांवर आहे. आणि मेथी-कोथिंबीर पुठ्ठ्यात कशी पेरायची?

---

काळी_भुई

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा पुठ्ठ्यावर पेरू नका. बारीक बियांना उघडी, भुसभुशीत माती लागते. एका वाफ्याचा टोकाचा 4 × 5 फुटांचा भाग पुठ्ठ्याशिवाय ठेवा. ताग कापल्यावर तो भाग खुरपून भिजवा, आठ-दहा दिवसांत उगवेल ते तण पुन्हा खरडा आणि मग पेरा. ओळीत पेरा, फोकून नको, म्हणजे खुरपं फिरवता येईल. मुळा आणि बटाटा मात्र लव्हाळा पूर्ण हटेपर्यंत नकोच. त्याचे कोंब बटाट्याच्या आरपार जातात.

पुठ्ठ्याच्या वाफ्यात रोपं लावायची. वांगी-टोमॅटोची रोपं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाका, मिरची त्याआधी दहा-पंधरा दिवस. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावणी. पेंढा बाजूला सारून पुठ्ठ्याला 12-15 सेंमीची फुली मारा, चारही कोपरे खाली दुमडा, ओंजळभर कंपोस्ट घालून रोप लावा. त्या भोकातून लव्हाळा हमखास डोकावेल, तिथे लक्ष ठेवा.

---

लालमाती_कोकण

एक दुरुस्ती सुचवते. खत सगळं पुठ्ठ्याखाली, हे काळ्या मातीला बरोबर आहे. आमच्याकडे जांभ्यावरच्या उथळ लाल मातीत तसं केलं तर रोपाला सुरुवातीला धरायला काही नसतं. तिथे फुलीच्या भोकात दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट घालतो, बाकी पुठ्ठ्यावर काही नाही. तण नसलेलं कंपोस्ट ओळखायचं असेल तर कुंडीत भरून ओलं ठेवा. दहा दिवसांत काय उगवतं ते दिसेल.

कोकणातल्या पावसात जूनमध्ये घातलेला पुठ्ठा दीड-दोन महिन्यांत लगदा होतो आणि उतारावर पेंढा वाहून जातो, त्यामुळे आम्हीही सप्टेंबरअखेरच धरतो. रस्त्यांवर पेंढ्याऐवजी नारळाच्या झावळ्या आडव्या टाकल्या तर त्या वर्षभर टिकतात.

पण ओल्या आच्छादनाचा मोठा त्रास वाळवी नव्हे, गोगलगायी. सप्टेंबरमध्ये अंथरणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे त्यांनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. एका रात्रीत टोमॅटोचं रोप शेंड्यापासून बुंध्यापर्यंत साफ होतं, आणि चंदेरी वाळलेली रेघ तेवढी दिसते. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला पसरा. पहाटे उलटवलं की खाली गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर टाकू नका, माती बिघडते. गोगलगायी मारायला बाजारात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना जीवघेण्या आहेत, घरामागच्या बागेत त्या नकोतच. रोपं लावण्याआधी आठवडाभर ही वेचणी करा आणि लावल्यावर पहिले पंधरा दिवस रोपाभोवती वीतभर जागा पेंढ्याशिवाय मोकळी ठेवा.

---

गादीवाफा

वाळवीचं: ती मेलेलं लाकूड-कागद खाते. पुठ्ठा ओला असेल, त्यावर बुरशी आणि गांडुळं काम करत असतील, तर वाळवीचा त्रास सहसा कमी राहतो, पण ओल्या पुठ्ठ्यातही ती येऊ शकते. जास्त त्रास होतो तो फेब्रुवारीनंतर, पाणी कमी पडून पुठ्ठा वाळला की. पेंढा उचलून बघा: पुठ्ठ्यावर मातीचे चपटे बोगदे दिसले तर वाळवी आली. तेवढा पुठ्ठा काढा, बोगदे मोडा, जागा भिजवा. निंबोळी पेंडेने ती कमी होते, वाळवीला मारणारी मेटारायझियम नावाची बुरशीही शेणखतात मिसळून वापरतात. भिंतीपासून 4 फूट अंतर असलं तरी वाळवी मातीतूनही येऊ शकते, म्हणून भिंतीवर लक्ष ठेवा. त्या पट्ट्यात पुठ्ठा, पेंढा, सरपण काहीही साठवू नका आणि वाफ्याला लाकडी कड लावू नका. अशा सलग साखळीतून वाळवीला सोपी वाट मिळते.

आणखी एक धोका कुणी सांगितला नाही. पेंढा खोडाला टेकलेला राहिला तर टोमॅटो, वांगी, मिरचीत बुंध्याची कूज येते. अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर ही बुरशी वाढते आणि तिथून खोडात शिरते. झाड दुपारी माना टाकतं, बुंध्याशी पेंढा बाजूला केला की पांढरे धागे आणि त्यावर मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून झाड भोवतालच्या मातीसकट उचलून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. लावणीनंतर खोडाभोवती कायम 5-7 सेंमी मोकळं वर्तुळ ठेवा; पेंढा सरकत राहतो, म्हणून दर पंधरवड्याला बघा.

लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खालची पानं फिकट पिवळी पडली तर ती नत्राची ओढ आहे, रोग नव्हे. शेंगदाणा पेंड 1 किलो 10 लिटर पाण्यात दोन दिवस भिजवा, गाळा, त्यात पाचपट पाणी घालून प्रत्येक झाडाच्या भोकात अर्धा लिटर द्या. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. नवीन पान हिरवं निघालं की थांबा. जुनं पिवळं पान पुन्हा हिरवं होईल याची वाट बघू नका.

पाणी देताना वरचा पेंढा बघून ठरवू नका. पेंढा वरून वाळलेला आणि खाली चिखल, असं काळ्या मातीत सर्रास होतं. लांब स्क्रूड्रायव्हर भोकातून मातीत खुपसा; 10 सेंमी सहज गेला आणि टोकाला माती चिकटली तर पाणी नको.

मावळात घोणस असते. पेंढ्यात उंदीर आले की मागोमाग तीही येते. आच्छादनात हात घालण्याआधी प्रत्येक वेळी काठीने हलवा आणि बंद बूट घाला. हे नक्की पाळा.

---

परसदार_मावळ

सगळं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न: पुठ्ठा घातल्यावरही लव्हाळा वर आलाच, तर पुठ्ठा फाडून गड्डा काढायचा का?

---

काळी_भुई

फाडायचा नाही. फाडलेल्या जागेतून उजेड जातो आणि आणखी दहा कोंब येतात. पेंढा बाजूला करा, कोंब पुठ्ठ्यालगत विळ्याने कापा, त्या जागी हातभर लांबीचा दुहेरी पुठ्ठ्याचा तुकडा ओला करून ठेवा आणि पेंढा परत ओढा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दर दहा-बारा दिवसांनी फेरी मारा, थंडीत महिन्यातून एकदा पुरते. डिसेंबरमध्ये त्याची वाढ मंदावते. मार्चमध्ये ऊन तापलं की तो पुन्हा जोर धरतो, आणि नेमकं तेव्हा पहिला पुठ्ठा कुजून गेलेला असतो. म्हणून फेब्रुवारीअखेर, वांगी-मिरची उभी असतानाच, ओळींच्या मधल्या पट्ट्यात दुसरा पुठ्ठा आणि 8-10 सेंमी पेंढा घाला. त्यासाठी चार-पाच मोठी खोकी आत्ताच बाजूला ठेवा, पण पावसात भिजणार नाहीत आणि भिंतीला टेकणार नाहीत अशी.